सहावीतल्या मुलाला एलडी निघालंय, सर्टिफिकेट घ्यावं का?

ताई, तुमचा प्रश्न वाचला, आणि खरं सांगू का, ह्यातलं निम्मं मी दर आठवड्याला कुणा ना कुणाच्या तोंडून ऐकते. मुलगा सहावीत, सेमीला, तोंडी विचारलं की धडाधडा सांगतो पण पेपरात अर्ध्या पानाच्या पुढे जात नाही, 'पाणी' एकाच पानावर तीन प्रकारे लिहितो, आता रिपोर्टमध्ये डिस्लेक्सिया आणि डिस्ग्राफिया, म्हणजे वाचायची आणि लिहायची अडचण, ज्याला एलडी (लर्निंग डिसॅबिलिटी) म्हणतात, ते आलंय, वर्गशिक्षिका म्हणतात कशाला शिक्का मारून घेता, सासूबाई म्हणतात ह्याचा बाप पण असाच होता, तो लागलाच ना नोकरीला. आणि तुम्हाला विचारायचंय की एलडीचं सरकारी सर्टिफिकेट घ्यावं का, सेमी सोडवावं का, आणि हा दहावी होईल का.

शेवटच्या प्रश्नाचं आधी सांगते. तोंडी एवढं येणारा मुलगा सर्टिफिकेटवर मिळणाऱ्या परीक्षेच्या सवलती घेऊन दहावी होतो हो, मी २२ वर्षं रेमेडिअल, म्हणजे अशा मुलांना ती अडलीत तिथून, शिकवतेय, अशी कितीतरी पोरं पास होताना बघितलीत. मला भीती वेगळीच आहे. सर्टिफिकेट हातात आलं की घरातले सगळे हुश्श करतात, रेमेडिअलचा क्लास दोन महिन्यांत सुटतो, आणि मुलगा दहावीला लेखनिक, म्हणजे तो सांगेल ते लिहून देणारा, घेऊन पास होतो पण बसची पाटी वाचताना अजून अडखळतो. सर्टिफिकेटने पेपर सुटतो, वाचायला येत नाही. ही दोन वेगळी कामं आहेत आणि दोन्ही करायची आहेत, आणि तुमच्याकडे अजून चार वर्षं आहेत म्हणजे वेळ छान आहे, माझ्याकडे तर नववीच्या दिवाळीनंतर येतात लोक.

सासूबाईंचं बोलणं मात्र उडवून लावू नका. हे घराण्यात चालतं, बापाला असलं तर मुलात असायची शक्यता वाढते, तेव्हा त्या नकळत बरोबरच बोलल्या. उलट मुलाच्या बाबांना एकदा निवांत बसवून विचारा की तुम्हाला शाळेत काय व्हायचं, मराठीच्या तासाला वाचायची पाळी आली की काय करायचात. अहो, काही बाबा माझ्यासमोर रडलेत, चाळीशीत पहिल्यांदा कळलं की आपण ढ नव्हतो. आणि बापाने स्वतःहून मुलाला सांगितलं की माझंही असंच व्हायचं, तर मुलाचा निम्मा भार तिथेच उतरतो.

आता हे होतं काय ते थोडं. बुद्धीचा ह्याच्याशी संबंध नाही, म्हणूनच तपासणीत आयक्यू काढतात, डोळे कान तपासतात, आणि हे सगळं ठीक असूनही वाचन-लेखन वयाच्या खूप मागे असलं तरच एलडी म्हणतात. आवाज आणि अक्षर ह्यांची जोडी मेंदूत पटकन आणि पक्की बसत नाही. तुम्ही आम्ही 'शाळा' हा शब्द बघताक्षणी वाचतो, हा मुलगा तो दरवेळी नव्याने जुळवतो, आणि पाच ओळी जुळवून होईपर्यंत पहिल्या ओळीत काय होतं ते डोक्यातून गेलेलं असतं. मग आपण म्हणतो लक्ष नाही.

मराठीत ह्याची म्हणून काही खास दुखणी आहेत. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, 'ख' ला 'रव' वाचणं, रफार कुठल्या अक्षरावर द्यायचा ते न कळणं. वेलांटी तर विचारूच नका, 'कि' लिहिताना वेलांटी आधी काढायची आणि उच्चार मात्र नंतर, ह्या मुलांचा तिथेच गोंधळ उडतो. आणि ह्रस्व दीर्घ आपल्या बोलण्यात फारसं ऐकूच येत नाही त्यामुळे कानावर भरवसा ठेवून ते लिहिताच येत नाही कोणाला. पण एक गंमत आहे, मराठीत त्याला सरळ नियम आहेत आणि शाळेत ते नीट कोणी बसवून घेत नाही. मराठी शब्दाच्या शेवटची वेलांटी नि उकार दीर्घच, पाणी, गाडी, लाडू, चाकू. शेवटचं अक्षर दीर्घ असलं की त्याच्या आधीची वेलांटी किंवा उकार ह्रस्व, विळी, किडा, सुरी. आणि शेवटचं अक्षर साधं अकारी असलं की आधीचं दीर्घ, वीट, फूल, मूल. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द ह्यात बसत नाहीत पण रोजच्या वापरातलं बरंच काम ह्या तीन ओळींत होतं. तुमच्या मुलाला नुसता पहिला नियम महिनाभर द्या, बाकी चुका बघूच नका, फक्त शब्दाचा शेवट. ह्या मुलांना नियम आवडतो, कारण त्यांना 'दिसतं तसं लक्षात ठेव' हे जमत नाही पण डोकं चालवायला सांगितलं की चालतं.

आकड्यांचंही असंच. तेवीस म्हणताना आपण आधी तीन बोलतो मग वीस, पण लिहिताना २ आधी, त्यामुळे तेवीसचे ३२ होतात. एकोणपन्नास म्हटलं की पोराला पन्नास ऐकू येतं, मग ५९ लिहितं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस तीन' असं वाचायची पद्धत जोडीला दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला, विनोद काय नि अग्रलेख काय, समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकरांना किती ऐकून घ्यावं लागलं. मी तेव्हाही म्हणत होते की माझ्याकडच्या मुलांना विचारा, आम्ही रेमेडिअलवाले हे कधीपासून करत होतो. तुमच्या मुलाच्या रिपोर्टमध्ये डिस्कॅल्क्युलिया, म्हणजे आकड्यांची आणि गणिताची अडचण, नाहीये हे लक्षात ठेवा, पुढे त्याचं महत्त्व आहे.

सर्टिफिकेट. घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत त्यात हे आलंय, आणि महाराष्ट्रात तर दहावीला सवलती १९९६ पासूनच सुरू झाल्या, तेव्हा कोणी उपकार करत नाहीये. खाजगी सायकॉलॉजिस्टचा रिपोर्ट म्हणजे सर्टिफिकेट नव्हे, ते सरकारी यंत्रणेतूनच मिळतं. मुंबईत सायन, केईएम, नायरला ह्याची क्लिनिक्स आहेत. तुमच्याकडे सरकारी मेडिकल कॉलेज किंवा जिल्हा रुग्णालयात एलडीची टीम बसते का, कुठल्या वारी बसते, हे आधी विचारून मगच जा. नाहीतर त्या दिवशी हाडं, डोळे, कान तपासणारा डॉक्टरांचा बोर्ड बसलेला असतो आणि तुम्ही पोराची शाळा बुडवून जाता नि हेलपाटा पडतो. तारखा लांबच्या मिळतात म्हणूनही आत्ता सुरुवात करा. जाताना शाळेचं पत्र, दोन-तीन वर्षांचे पेपर आणि वह्या न्या, आणि वह्या त्याच्याच हातच्या न्या हं, आईने रात्री बसून पूर्ण केलेल्या सुंदर वह्या आणणाऱ्या खूप भेटतात मला.

केंद्राच्या नियमाप्रमाणे हे सर्टिफिकेट आठव्या वर्षानंतर देतात, मग १४ व्या वर्षी परत तपासणी आणि १८ व्या वर्षी शेवटची. तुमचा आता अकराचा असेल. म्हणजे १४ पूर्ण होतील तेव्हा तो साधारण नववीत असणार, आणि ती दुसरी तपासणी दहावीचे फॉर्म भरायच्या आत उरकलेली पाहिजे. ही तारीख आत्ताच कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा, कारण शाळा आठवण करेलच असं नाही. बोर्डाकडे सवलतीचा प्रस्ताव शाळेमार्फत जातो, तुमच्या सातारा जिल्ह्याचा कोल्हापूर विभागीय मंडळाकडे, आणि तो वेळेत गेला नाही तर हातात सर्टिफिकेट असून पेपरच्या आदल्या दिवशी रडारड होते.

शिक्का मारून घेता का ह्यावर बाईंना काय सांगायचं? शिक्का आधीच बसलेला आहे ना. आळशी, कामचुकार, लक्ष नसतं, हे काय आहे मग? निदान हा खरा तरी आहे. हे तोंडावर म्हणू नका अर्थात, बाई तुम्हाला पुढची चार वर्षं लागणार आहेत. त्यांच्याकडे तक्रार घेऊन जायचं नाही, दोनच गोष्टी मागायच्या. एक, वर्गात सगळ्यांसमोर अचानक उभं करून मोठ्याने वाचायला लावू नका. आणि दुसरं म्हणजे फळ्यावरचं सगळं उतरवायची सक्ती नको, शेजारच्याच्या वहीचा फोटो काढू द्या किंवा झेरॉक्स चालू द्या. ४० मुलांच्या वर्गात ह्याहून जास्त मागितलं तर काहीच मिळत नाही हा माझा अनुभव. आणि ४० मुलांत असा तुमचा एकटाच नसणार, दोन-चार असतातच, बाईंना ते कळलं की त्यांनाही बरं वाटतं.

सवलतींचं नीट ऐका आता, कारण इथे मी स्वतः चुकलेय. तासाला २० मिनिटं जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांचे मार्क न कापणं, कॅल्क्युलेटर, एखाद्या भाषेऐवजी कार्यानुभवाचा विषय, लागले तर २० पर्यंत सवलतीचे गुण, आणि बीजगणित-भूमितीच्या जागी सातवीच्या पातळीचं अंकगणित जोडीला एक कार्यानुभवाचा विषय, असं सगळं ह्या सवलतींत येतं. वेळोवेळी परिपत्रक बदलतं, तेव्हा नववीत गेल्यावर चालू वर्षाचं शाळेतून मागून घ्या. पण सवलती म्हणजे लग्नातली पंगत नाही, वाढलं ते सगळं खायचं असं.

२००९ च्या आसपासची गोष्ट, माझ्याकडे एक मुलगा होता, आठवीत मिक्सर उघडून दुरुस्त करायचा. गणितात काठावर. मीच सुचवलं की कशाला ताण, सातवीचं अंकगणित घेऊ. टक्के छान आले, पेढे घेऊन आले घरी. जूनमध्ये त्याला इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करायचा होता आणि तिथे तेव्हा दहावीचं गणित लागायचं. दार बंद. सायन्सला पण बंद. तो पुढे एका कॉन्ट्रॅक्टरकडे वायरिंग शिकला, आज चांगलं कमावतो, दिवाळीला फोन पण करतो, पण तो फोन आला की मला पेढ्यांचा बॉक्स आठवतो. तेव्हापासून माझा नियम, गणित सोडायचा निर्णय नववीच्या सहामाहीच्या आधी घ्यायचा नाही आणि डिस्कॅल्क्युलिया नसलेल्या मुलाने तर त्या वाटेला जायचंच नाही. तुमच्या मुलाला गणितात अडतं ते उदाहरण वाचायला, सोडवायला नाही. उदाहरण वाचून दाखवा आणि बघा सोडवतो की नाही. सोडवलं तर वाचून दाखवणारा माणूस पाहिजे, सोपं गणित नको.

आता लेखनिक. लोकांना वाटतं लेखनिक मिळाला म्हणजे झालं. अहो, सांगून लिहून घेणं ही वेगळीच विद्या आहे, मोठ्या माणसांना जमत नाही. माझी एक विद्यार्थिनी, इतिहास तोंडपाठ, पहिल्यांदा लेखनिक समोर आली तेव्हा तोंडातून शब्द फुटेना, अनोळखी मुलगी, आपल्यापेक्षा लहान, तिच्यापुढे चुकलो तर, आणि मग घाईघाईत एकदम इतकं बोलली की त्या बिचारीचं लिहायचं राहूनच गेलं. जादा वेळ धरूनही पेपर अर्धवट राहिला. लेखनिक खालच्या इयत्तेतला असतो, त्याला तो विषय माहीत नसतो, अवघड शब्द तो पण चुकीचा लिहितो. त्यामुळे ह्याची प्रॅक्टिस आठवीपासून करायची. सुरुवातीला मोबाईलवर मराठी बोलून टाइप करायची सोय आहे ती वापरा, तुटक आणि स्पष्ट बोलायची सवय लागते. मग शेजारचा एखादा पाचवी-सहावीतला मुलगा बसवा, वडापावच्या बोलीवर येतात पोरं. वाक्य आधी मनात पूर्ण करायचं, मग अर्धं सांगायचं, पेन थांबलं की उरलेलं. नवा मुद्दा, नवी ओळ, हे शब्द बोलायचे. आकृती शक्यतो स्वतः काढायची सवय. आणि प्रश्न लेखनिकाकडून दोनदा वाचून घ्यायचा, लाजायचं नाही.

एक गोष्ट बरेच पालक विसरतात, भाषेचे २० मार्क अंतर्गत असतात, त्यात तोंडी असतं, गणित विज्ञानातही ८०ला २० जोडून असतात. तुमचा मुलगा बोलण्यात पक्का आहे म्हणता, मग हे त्याचं घरचं मैदान आहे, तिथे एक मार्क सोडायचा नाही.

रेमेडिअल म्हणजे ट्यूशन नव्हे, हे मला ओरडून सांगावंसं वाटतं. ट्यूशनमध्ये सहावीचा धडा परत शिकवतात. रेमेडिअलमध्ये मुलगा जिथे अडकलाय तिथून, मग ते दुसरीच्या पातळीचं जोडाक्षर का असेना, तिथून वर आणतात. तुमच्या रिपोर्टमध्ये वाचनाची आणि लेखनाची पातळी कितवीची आहे ते लिहिलेलं असेल, तोच आकडा महत्त्वाचा. तुमच्या गावात रेमेडिअल टीचर नसेल तर घरी रोज २० मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, रविवारी दोन तास अजिबात नको. एका वेळी एकच गोष्ट, समजा ह्या आठवड्यात घ आणि ध. ताटात रवा पसरून बोटाने मोठं अक्षर काढायचं, काढताना तोंडाने आवाज म्हणायचा, मग त्या अक्षराचे पाच शब्द, मग दोन वाक्यं, मग झोपायला जा. डोळा, कान, हात सगळे एकाच वेळी कामाला लागले की पक्कं बसतं. सहावीतल्या मुलाला रवा बालिश वाटतो, खरंय, मग पाठीवर बोटाने अक्षर काढा आणि ओळखायला सांगा, तो खेळ त्यांना चालतो. वाचनाला दोघांनी मिळून वाचायचं, तुम्ही आणि तो एकदमच, तो अडला तरी तुम्ही थांबायचं नाही. आणि पुस्तक त्याच्या आवडीचं, क्रिकेट तर क्रिकेट.

पण इतिहास-भूगोल-विज्ञान शिकायला वाचन सुधारायची वाट बघायची नाही, तोवर तो मागे पडेल. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, मोबाईल मराठी वाचून दाखवतो, आवाज जरा यंत्रासारखा आहे पण चालतं. त्याहून चांगलं म्हणजे तुम्ही धडा वाचून रेकॉर्ड करा, दहा मिनिटांचा एक. त्याने ऐकायचं, पुस्तकात बोट फिरवत.

ते मिडब्रेन, बोटांच्या ठशावरून बुद्धी, स्मरणशक्तीची पावडर, असलं काही घेऊन कोणी आलं तर चहा द्या आणि पाठवून द्या. पैसे रेमेडिअलला लागणार आहेत.

सेमीचं. इंग्रजी स्पेलिंग ह्या मुलांना मराठीपेक्षा जड जातं, त्यामुळे कागदावर उत्तर सोपं आहे, विज्ञान मराठीतून करा. पण मला माहितीये की बऱ्याच शाळांत सेमी म्हणजे अ तुकडी, आणि सेमी सोडणं म्हणजे मित्र सुटणं आणि सगळ्या गावाला कळणं. म्हणून मी घाई करत नाही. ह्या वर्षी विज्ञानाचं मराठी पुस्तकही घ्या, घरी धडा आधी मराठीतून ऐकू दे, मग इंग्रजीतले फक्त मुख्य शब्द, धड्याला आठ-दहा, चित्रासोबत. वार्षिकपर्यंत बघा. तरीही विज्ञानात काहीच हाती लागत नसेल तर सातवीला बदला, आठवीच्या पुढे नको. आणि त्याला विचारून करा, अकरा वर्षांच्या मुलाला ह्यातलं सगळं कळतं.

तुम्ही शेवटी एक ओळ लिहिलीय की हल्ली तो वह्या गादीखाली लपवतो. ताई, बाकी सगळं बाजूला ठेवून आज त्याच्याशी ह्यावर बोला. रिपोर्ट आलाय हे त्याला सांगितलंय का तुम्ही? बहुतेक नाही, कोणीच सांगत नाही, आणि मुलं मनाशी ठरवून टाकतात की आपण मठ्ठ निघालो म्हणून घरात कुजबुज चाललीय. सोप्या शब्दांत सांगा की तुझं डोकं चांगलं आहे हे तपासणीत निघालंय, तो आयक्यूचा आकडा दाखवा हवं तर, आणि अक्षरं पक्की बसायला तुला वेगळ्या पद्धतीने शिकावं लागणार आहे, बाबांना पण असंच व्हायचं. मग गादीखालच्या वह्या मागा. रागवायचं नाही, लाल पेन घ्यायचं नाही. त्यातली सगळ्यात जास्त लिहिलेली दोन पानं निवडा, झेरॉक्स काढून त्या हॉस्पिटलच्या फाइलमध्ये लावा, तपासणाऱ्याला नेमकी तशीच पानं बघायची असतात.